एकाच अंगात दोन-तीन संधिवात: विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या नव्या रुग्णांसाठी मार्गदर्शक

सांधेदुखीसाठी दवाखान्यात गेल्यावर कागदावर एकाऐवजी दोन किंवा तीन आजारांची नावे लिहून मिळाली, की घरातल्यांना पहिली शंका येते ती डॉक्टरांचे निदान पक्के नसल्याची. बहुतेक वेळा ती शंका चुकीची असते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते असे जे आजार आहेत, ते पुष्कळदा सोबतीने येतात. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आमवाताच्या रुग्णाला काही वर्षांनी डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन होतो, कातडी, सांधे आणि मूत्रपिंड यांना धरणारा ल्युपस असलेल्या स्त्रीला थायरॉइड निघते, सोरायसिसच्या चट्ट्यांबरोबर बोटांचे सांधे सुजतात. ल्युपस, स्नायूंचा दाह आणि कातडी घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा या तिन्हींच्या खुणा एकाच माणसात दिसतात, अशा आजाराला तर मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज असे वेगळे नावच आहे आणि 1972 साली त्याचे पहिले वर्णन झाले. अशा रुग्णाची खरी अडचण नावांच्या गर्दीत नसते. प्रत्येक नवे दुखणे "वातच वाढला" या एका खात्यात टाकले जाते, ही ती अडचण आहे. हे दुखणे कोणत्या आजाराचे, औषधाचे की तिसऱ्याच कशाचे, हा प्रश्न दर वेळी विचारायला शिकणे हेच या मार्गदर्शकाचे काम आहे. औषधांच्या मात्रा येथे दिलेल्या नाहीत. त्या वजन, मूत्रपिंड आणि यकृत पाहून डॉक्टरच ठरवतात.

पहिली पायरी: दुखण्याची नोंद

तज्ज्ञांपुढे बसल्यावर "सगळं अंग दुखते" एवढेच सांगितले तर त्यांना फारसे काही हाती लागत नाही. त्याआधी दोन आठवडे साध्या वहीत नोंद ठेवावी. सर्वांत मोलाची नोंद म्हणजे सकाळी उठल्यापासून सांधे मोकळे होईपर्यंतचा वेळ. तो अंदाजाने न सांगता कामाच्या खुणेने मोजावा: उठलो किती वाजता, चहाचे पातेले सांडशीने उचलता आले केव्हा, ब्लाउजचे हुक किंवा सदऱ्याची बटणे लावता आली केव्हा, कणीक मळता आली केव्हा. उठल्यानंतर अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त वेळ ताठरपणा राहत असेल आणि हालचालीने तो कमी होत असेल, तर दाह असण्याची शक्यता अधिक. दिवसभर निंदणाला बसल्यावर संध्याकाळी गुडघे दुखतात आणि झोप झाली की बरे वाटते, ही बहुधा झिजेची तऱ्हा.

त्यानंतर सांध्यांची जागा लिहावी. आमवातात मनगटे, बोटांची मुळे आणि मधली पेरे दोन्ही हातांना साधारण सारखी धरतात, नखाजवळचे शेवटचे पेर मात्र सहसा सुटते. हे पाहण्याची सोपी रीत अशी की, एका हाताने दुसऱ्या हाताच्या चारही बोटांची मुळे दोन्ही कडांनी हलकेच दाबावीत, जसे कोणी हस्तांदोलन करताना जरा जोरात धरले असता दाबले जातात. तेवढ्यानेच कळ गेली तर ती नोंदवावी. सोरायसिसच्या संधिवातात शेवटचे पेर सुजते, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि कधी अख्खे बोट फुगते. पाठीचा वात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. त्यात मध्यरात्रीनंतर कंबर दुखून जाग येते आणि उठून चालले की आराम पडतो. एका रात्रीत पायाचा अंगठा लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेना झाला, तर आधी युरिक ॲसिडचा, म्हणजे गाउटचा, विचार करावा.

सांध्यांखेरीजच्या खुणाही त्याच वहीत हव्यात, कारण दुसरा आजार बहुधा तेथूनच आत येतो. उन्हात गेल्यावर गालांवर उठणारे चट्टे, तोंडातले न दुखणारे फोड, केस मुठीने गळणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पाण्याच्या घोटाशिवाय भाकर न उतरणे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोटे आधी पांढरी मग निळी पडणे, चढ चढताना नव्याने लागलेली धाप, यांपैकी जे असेल ते तारखेसह लिहावे. बोटांच्या रंगाचा किंवा चट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग परत आलेला असतो.

आपल्या भागातले चार तोतये

विदर्भात राहणाऱ्याने हा भाग सावकाश वाचावा, कारण मुंबई-पुण्याकडच्या माहितीपत्रकांत तो क्वचितच सापडतो. आपल्याकडे चार दुखणी संधिवाताचे सोंग घेतात, आणि खऱ्या संधिवाताच्या जोडीनेही राहतात.

पहिला चिकनगुनिया. पावसाळ्यानंतर ताप येऊन जातो, पण हातापायांचे सांधे पुढे महिनोन्‌महिने धरून राहतात आणि सूज हुबेहूब आमवातासारखी दिसते. ताप केव्हा आला, घरात व गल्लीत आणखी कोणाला आला होता, हे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. दुसरा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात आणि इतरत्रही अनेक कुटुंबांत तो आहे. त्यातही हाडे व सांधे भयंकर दुखतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनेही तसेच होते, म्हणून दोन्ही असतील तर मांडीच्या सांध्यातले दुखणे अंगावर काढू नये. सिकलसेलची प्राथमिक चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती झालेली नसेल तर संधिवाताची महागडी तपासणी करण्याआधी ती करून घ्यावी.

तिसरा फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. अशा गावात दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली माणसे मान आणि कंबर आखडल्याची तक्रार घेऊन येतात, त्यांची मान पाठीच्या वातासारखी ताठ असते, पण औषध वेगळे असते: पाणी बदलणे. चौथा क्षयरोग. एकच गुडघा, खुबा किंवा मणका महिनोन्‌महिने दुखतो, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते. हे चित्र असताना "वात" समजून स्टेरॉइड सुरू झाले तर क्षय पसरतो. संधिवाताची पुढची औषधे देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी का करतात, याचे उत्तर यातच आहे.

तपासण्यांचे कागद कसे पाहावेत

रक्ततपासणीचा कागद हाती आला की लाल अक्षरांतला आकडा पाहून घाबरण्याची रीत आहे. आरए फॅक्टर वाढलेला असणे म्हणजे आमवात नव्हे. तो क्षयात, काविळीच्या सी विषाणूत, शोग्रेनमध्ये आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही वाढलेला सापडतो. अँटी-सीसीपी ही चाचणी आमवाताबद्दल त्याहून खात्रीने बोलते. ल्युपससाठी करतात ती एएनए चाचणी कमी प्रमाणात निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, म्हणून लक्षणे नसताना केवळ त्या एका ओळीवरून ल्युपस ठरवता येत नाही. ईएसआर आणि सीआरपी दाह किती आहे एवढेच सांगतात, कशाचा आहे ते सांगत नाहीत. साधा फोड पिकला तरी ते वाढतात. उलट लघवीची साधी तपासणी स्वस्त म्हणून लोक टाळतात. ल्युपस मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची पहिली बातमी मात्र पुष्कळदा लघवीतल्या प्रथिनातूनच कळते, दुखण्यातून नाही. माझ्या मते पैसे मोजकेच असतील तर दुसऱ्यांदा आरए फॅक्टर करण्यापेक्षा लघवी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या आधी कराव्यात. बारा महिने सुटत नसलेला थकवा कित्येकदा थायरॉइडचा निघतो आणि एका गोळीने आटोक्यात येतो.

डॉक्टर अनेक, सूत्रधार एक

कातडीचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, हाडांचे वेगळे आणि गावातले रोजचे वेगळे, अशी या रुग्णाची स्थिती होते. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, पण चौघांच्या गोळ्या एकाच पोटात जातात. म्हणून संधिवाततज्ज्ञ हा सूत्रधार असावा आणि तो जवळ नसेल तर मेडिसिन विभागाचे डॉक्टर. हाडांच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेची किंवा मोडतोडीची वेळ आली तर जावे. आतला दाह शमवणे हे मुख्यतः त्यांचे काम नव्हे.

नागपूरचे मेडिकल आणि मेयो, मिहानमधील एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय महाविद्यालये, यांपैकी जेथे एसटी किंवा रेल्वे सोयीने पोहोचते ते ठिकाण पक्के करावे आणि दर वेळी नवे रुग्णालय धरू नये. निघण्याआधी तो विभाग कोणत्या वारी असतो याची फोनवर चौकशी करावी. शंभर किलोमीटर जाऊन चुकीच्या वारी परतणारे लोक रोज दिसतात. मधल्या काळात साध्या शंकांसाठी ई-संजीवनी ही शासनाची मोफत सेवा आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आशाताई ती लावून देतात.

फाइलच्या अगदी वर एक पान असावे, ज्यावर सर्व आजारांची नावे, चालू गोळ्या मात्रेसह, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते, आणि शेवटच्या तपासणीची तारीख मराठीत व औषधांची नावे दुकानदाराला वाचता येतील अशी लिहिलेली असतात. ताप आला म्हणून रात्री कोणत्याही दवाखान्यात गेलो तरी हे पान आधी पुढे करावे. तेथला डॉक्टर नवा असतो, कागद जुना असतो, आणि निर्णय कागदावर होतो.

औषधे, आणि ती चुकण्याच्या जागा

मेथोट्रेक्झेट हे आमवाताचे मुख्य औषध आणि चुकले तर सर्वांत घातक. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज एक अशी गोळी घेतली गेली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. अशी चूक होण्याचे कारण रुग्णाचे अडाणीपण नसते. घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, आणि दुकानातून पुडीवर "एक-एक" असे लिहून येते. यावर खेड्यासाठी मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे गावच्या आठवडी बाजाराचा दिवस हाच गोळीचा दिवस ठरवणे, कारण तो दिवस कोणी विसरत नाही. पाकिटावर जाड स्केचपेनने त्या वाराचे नाव लिहावे, पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात न ठेवता वेगळ्या डबीत ठेवावे, आणि गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करावा. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. तोंड येणे व मळमळ त्याने पुष्कळ कमी होते. दुकानदाराने "मावशी, ही रोजची नाही, हप्त्यातून एकदाच" असे आपणहून सांगितले तर बरेच, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

मेथोट्रेक्झेट चालू असताना दारू सुटलीच पाहिजे. जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी खेड्यात सर्रास मिळणारी कोट्रायमोक्साझोल ही सल्फाची गोळी या औषधाबरोबर धोकादायक ठरते. पहिले तीन महिने दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त, यकृत व क्रिएटिनिन तपासले जाते. बरे वाटते म्हणून ही तपासणी सोडू नये, कारण रक्तपेशी घटतात तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून औषध बंद करणारे बरेच जण दिसतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपस, शोग्रेन आणि आमवात या तिघांनाही चालणारे औषध असल्याने दोन आजारांच्या रुग्णाला ते बहुधा मिळतेच. ते सुरू केल्यावर पहिल्या वर्षात डोळ्याच्या पडद्याची एक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी एक तपासणी व्हावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती आधीपासूनच दरवर्षी करावी. हे मूळचे मलेरियाचे औषध आहे. मात्र ते घेतो म्हणून मलेरिया होणार नाही, असे गडचिरोली-गोंदियाकडच्या रुग्णाने मुळीच मानू नये. ताप आला की रक्ताचा थेंब तपासून घ्यावाच. सल्फासॅलाझिनने लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. घरात कोणाला रक्तपेशींतील जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, कारण या गोळीने अशा माणसाच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, हे वाईट औषध नाही, पण ते बिनहिशेबी घेतले जाते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्यावर ते अचानक बंद केले तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणे अशी गंभीर अवस्था येते. तीर्थयात्रेला जाताना गोळ्या घरी विसरल्या तर परत यावे लागते, इतके ते गंभीर आहे. गावोगावी "जडीबुटी" म्हणून मिळणाऱ्या, दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या नावनिशाणी नसलेल्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा हेच स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल होऊ लागला, साखर वाढली, तर ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवावी, आणि अचानक थांबवूही नये.

आता दोन आजारांची खरी गुंतागुंत. पाठीच्या वाताला वेदनाशामक गोळी उपयोगी पडते, तीच गोळी ल्युपसने पोळलेल्या मूत्रपिंडाला नडते. सोरायसिसच्या रुग्णाला स्टेरॉइडची गोळी देऊन ती झटकन काढली की चट्टे उसळतात, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विननेही काहींचा सोरायसिस वाढतो. दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या द्रव्याला रोखणारी जैविक इंजेक्शने आमवाताला उत्तम, पण त्यांनी क्वचित ल्युपससारखा आजार उभा राहतो. ल्युपससाठी ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला कोणी युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिली, तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात. म्हणून नवी गोळी घेताना विचारायचा प्रश्न एकच आहे: "माझ्या दुसऱ्या आजाराला ही चालते का?"

नवे दुखणे आले तर

सांधे पुन्हा भडकले तर आधी आठवावे की गेल्या महिन्यात काय बदलले. औषध चुकले, ताप येऊन गेला, नवी गोळी सुरू झाली, की सोंगणीचे आठ दिवस अंगावर आले? पाच-सहा सांधे सारखे धरले, सकाळचा ताठरपणा वाढला आणि ताप नाही, तर तो बहुधा मूळ आजाराचा भडका. सर्वांग दुखते, झोप होत नाही, पण एकही सांधा सुजलेला नाही आणि सीआरपीही ठीक आहे, तर फायब्रोमायल्जिया किंवा थायरॉइड असू शकते. तेथे स्टेरॉइड वाढवून उपयोग नाही, झोप आणि चालणे यांचाच होतो.

काही वेळा मात्र त्याच दिवशी गाडी काढावी लागते. एकच सांधा एकाएकी लाल, गरम आणि इतका दुखरा झाला की पाय टेकवेना, सोबत ताप असेल तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते आणि तासांचा हिशेब असतो. त्यावर मालीश, शेक, इंजेक्शन काहीही घेऊ नये. मेथोट्रेक्झेटवर असताना तोंडात जखमा होऊन ताप येणे, कोरडा खोकला आणि धाप लागणे, डोळा लाल होऊन दुखणे आणि उजेड न सोसणे, चेहरा व पाय सुजून लघवीला फेस येणे, मानेच्या दुखण्याबरोबर हातांना मुंग्या येऊन चालण्यात अडखळणे, काळे शौच होणे, बोटाचे टोक काळे पडणे, यांपैकी काही असेल तर तालुक्याच्या ठिकाणी थांबण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात जावे. संसर्गाचा ताप असताना मेथोट्रेक्झेट आणि जैविक इंजेक्शने डॉक्टरांना विचारून बहुधा थांबवली जातात, स्टेरॉइड मात्र थांबवायचे नसते. हे दोन उलटे नियम आहेत आणि तापाच्या ग्लानीत उलटसुलट होतात, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर ते ठळक लिहून ठेवावेत. तापाच्या दिवसांत झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस व मलेरिया यांचीही तपासणी मागावी. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासावीच.

ऊन, पाणी आणि शेती

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा 45 अंशांच्या वर जातो. ल्युपसच्या रुग्णाला ऊन हे केवळ त्रासदायक नसते, ते आजार भडकवते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, तोंडावर दुपट्टा आणि सकाळी दहा ते चार सावली, हे नियम पाळावेत. ढगाळ दिवशीही चट्टे उठतात. शोग्रेनच्या रुग्णाने डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब सोबत ठेवावेत. लू लागणाऱ्या हवेत ते दुप्पट लागतात. घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असताना घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला सर्वाधिक बाधते, मेथोट्रेक्झेटही शरीरात साचून राहते. अकोला, बुलढाणा आणि अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर मूत्रपिंडाच्या तक्रारी आधीच बऱ्याच ऐकू येतात, म्हणून त्या भागात वेदनाशामक सुरू करण्याआधी क्रिएटिनिन पाहणे योग्य. लग्नसराईत उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसांत वेदनाशामक बंद ठेवावे आणि मेथोट्रेक्झेटबद्दल डॉक्टरांना विचारावे.

जैविक इंजेक्शने 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात. नागपूरहून गावी आणताना बर्फाच्या पिशव्यांसह थर्मास किंवा थर्माकोलचा डबा हवा. इंजेक्शन बर्फाला थेट चिकटू देऊ नये, गोठलेले औषध फेकावेच लागते. भारनियमन लांबणाऱ्या गावात घरच्या फ्रीजवर विसंबण्यापेक्षा तालुक्याच्या औषध दुकानाशी बोलून ठेवावे.

कापूस वेचणीत बोटांची टोके आणि मनगट एकाच हालचालीत तासन्‌तास वापरले जातात, म्हणून भडका असताना वेचणी टाळून तेवढे दिवस वजन तोलण्याचे किंवा झाडणे-निवडण्याचे काम मागून घ्यावे. ओटीत मोठे ओझे न बांधता थोडे-थोडे रिकामे करावे. निंदण बसून करण्याऐवजी लांब दांड्याचे खुरपे किंवा डवरणीचा उपयोग करावा. धानाच्या रोवणीत चिखलपाण्यात दिवसभर उभे राहणे बोटे पांढरी पडणाऱ्यास सोसत नाही. फवारणी तर संधिवाताच्या रुग्णाने करूच नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, आणि ज्याच्या फुप्फुसाला आधीच दाह आहे त्याने तो धोका पत्करण्याचे कारण नाही. घरात घागर डोक्यावर किंवा कडेवर घेण्याऐवजी दोन लहान हंडे हातगाडीने न्यावेत, पकडीसाठी लाटण्याला व विळीच्या दांड्याला सुती चिंधी गुंडाळून जाड करावे. अंथरुणात सहज होणारे हातापायांचे व्यायाम भडका उतरल्यावर रोज करावेत. सांधा अजिबात न हलवणे हे आखडण्याचे आमंत्रण आहे.

खाणे, खर्रा आणि झाडपाला

आंबट खाल्ल्याने वात वाढतो ही समजूत इतकी खोल आहे की संत्र्याच्या प्रदेशात लोक संत्री सोडतात. संत्र्याने सांधे सुजत नाहीत. वरण, उडीद, हरभरा, दूध, अंडी, जवसाची चटणी यांतून प्रथिने व चांगली चरबी मिळते आणि स्टेरॉइडवर असलेल्याने कॅल्शियम व डी जीवनसत्त्वाबद्दल विचारावे. युरिक ॲसिड वाढलेल्याचे पथ्य वेगळे असते, ते सर्वांनी पाळायचे नसते.

खर्रा मात्र सोडावा, येथे सवलत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आमवाताची औषधे कमी काम करतात असे आढळले आहे आणि कोरड्या तोंडात सुपारी व तंबाखू हिरड्या जाळतात. शिवाय खर्ऱ्याने तोंड उघडणे कमी होते तेव्हा ते जबड्याच्या सांध्याचे की स्क्लेरोडर्माचे की सुपारीचे, हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते. गुळवेलीबद्दल 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. वाद चालू राहो, पण प्रतिकारशक्ती "वाढवणारी" कोणतीही वनस्पती, जिची प्रतिकारशक्ती आधीच चवताळली आहे अशा व्यक्तीने डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

मूल हवे असेल तर

मेथोट्रेक्झेट गर्भाला अपाय करते, म्हणून गर्भधारणेच्या साधारण तीन महिने आधी ते बंद करून दुसरे औषध लावले जाते. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे दुसरे औषध शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकते, त्यामुळे ते घेणाऱ्या स्त्रीने आधी सांगणे फार गरजेचे आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बहुधा चालू ठेवतात. शोग्रेन किंवा ल्युपसमध्ये अँटी-आरओ चाचणी करून घ्यावी, कारण ती पॉझिटिव्ह आल्यास बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. आधी आजार शांत, मग मूल, असा क्रम सासरच्यांना समजावून सांगणे काही घरांत डॉक्टरांपेक्षा आशाताईंनाच जमते.

खर्च आणि कागदपत्रे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मुख्यतः भरती होऊन होणाऱ्या उपचारांना मिळतो, दरमहाच्या गोळ्यांना नाही. म्हणून दरमहाच्या खर्चासाठी शासकीय रुग्णालयातील औषधखिडकी आधी पाहावी, तेथे नसेल ते जनऔषधी केंद्रात. मेथोट्रेक्झेट, फॉलिक ॲसिड, प्रेडनिसोलोन ही औषधे मुळातच स्वस्त आहेत. रक्ततपासणी शक्यतो शासकीय प्रयोगशाळेत करावी. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तपासणीसाठी जाणे पूर्वीइतके जड जात नाही.

सांधे वाकडे होऊन किंवा आखडून कामावर कायमचा परिणाम झाला असेल, तर जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचे मूल्यमापन मागावे. त्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर ग्रामपंचायतीतील ऑपरेटरकडून अर्ज भरून घेता येतो; आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराची कागदपत्रे सोबत लागतात. मूल्यमापनाला भडक्याच्या काळात न जाता उपचार काही काळ स्थिर झाल्यावर जावे, कारण प्रमाणपत्र मुख्यतः टिकून राहणाऱ्या व्यंगासाठी असते. तपासणीला जाताना एक्स-रे, औषधांची यादी आणि ते पहिले पान नेण्यास विसरू नये.